फ्लू शॉटनंतर खांदा धरला तर: अमेरिकेतला लस-नुकसानभरपाईचा दावा तडजोडीपर्यंत कसा न्यावा

अमेरिकेत लशीमुळे इजा झाली असं वाटणारी माणसं बहुतेक वेळा आधी फार्मसीला पत्र लिहितात, मग कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करतात, मग उत्तराची वाट बघतात. या तिन्ही गोष्टींनी दावा एक पाऊलही पुढे सरकत नाही आणि मुदत मात्र संपत जाते. ‘नॅशनल व्हॅक्सिन इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्रॅम’ ही १९८६ च्या कायद्याने आलेली, ऑक्टोबर १९८८ पासून चालू असलेली वेगळी व्यवस्था आहे. तिथे प्रतिवादी कंपनी नसते, फार्मसीही नसते. केंद्राच्या आरोग्य खात्याचे सचिव प्रतिवादी असतात आणि त्यांच्या बाजूने न्याय खात्याचे वकील उभे राहतात. दावा वॉशिंग्टनमधल्या ‘कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स’मध्ये दाखल होतो आणि ‘स्पेशल मास्टर’, म्हणजे अशा दाव्यांसाठी नेमलेले न्यायाधिकारी, तो चालवतात. एक हजार डॉलरपेक्षा जास्त भरपाईसाठी कंपनीवर किंवा लस देणाऱ्यावर थेट खटला भरायचा असला, तरी आधी इथूनच जावं लागतं.

खालचे टप्पे क्रमाने करा. क्रम उलटा झाला की तेच कागद दोनदा मागवावे लागतात, आणि कधीकधी तेवढा वेळ हातात उरलेला नसतो.

टप्पा १: दावा या योजनेत बसतो का

आधी लशीचं नाव बघा. फ्लू, गोवर-गालगुंड-रुबेला, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, पोलिओ, हेपटायटिस ए आणि बी, हिब, कांजिण्या, रोटाव्हायरस, एचपीव्ही, मेनिंगोकोकल आणि न्यूमोकोकलची ‘कॉन्जुगेट’ लस या योजनेत आहेत. नागीण म्हणजे शिंगल्सची लस नाही. न्यूमोकोकलचीच ‘पॉलिसॅकराइड’ लस नाही. भारतात जाण्याआधी ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये घेतात ती टायफॉइडची लस नाही, रेबीजचीही नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत दोन न्यूमोकोकल लशींची गल्लत फार होते. ‘न्यूमोनियाचा शॉट’ एवढ्यावर थांबू नका, लशीचं पूर्ण नाव मिळवा.

कोविडची लस या योजनेत येत नाही. तिच्यासाठी ‘सीआयसीपी’ ही निराळी योजना आहे. ती कोर्टात चालत नाही, लस घेतल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, वकिलाची फी मिळत नाही आणि वेदनांचे पैसेही मिळत नाहीत. हा लेख तिच्याबद्दल नाही.

आता लस कुठे घेतली ते बघा. नागरिकत्वाची अट नाही. एच-वन-बीवरचा नोकरदार, विद्यार्थी, किंवा मुलाकडे सहा महिने राहायला आलेले आई-बाबा, कुणीही अमेरिकेत लस घेतली असेल तर दावा करू शकतो. सुट्टीत पुण्यात किंवा पणजीत घेतलेली लस सहसा बसत नाही. परदेशात घेतलेल्या लशीसाठी अपवाद अरुंद आहेत: अमेरिकी सैन्यातले किंवा सरकारी नोकरीतले नागरिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले, किंवा लस बनवणारी कंपनी अमेरिकेतली असणं आणि लस घेतल्यावर सहा महिन्यांच्या आत माणूस अमेरिकेत परतलेला असणं.

तिसरी अट तीव्रतेची. त्रास लस घेतल्यापासून सहा महिन्यांहून जास्त टिकलेला हवा. किंवा त्यासाठी रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली हवी. किंवा मृत्यू झालेला हवा. पाच महिन्यांत खांदा पूर्ण मोकळा झाला असेल तर दावा उभा राहत नाही, मग दुखणं कितीही तीव्र असो.

> तपासा: एकाच दिवशी दोन लसी घेतल्या होत्या का? फ्लू आणि कोविड किंवा फ्लू आणि शिंगल्स एकाच दंडात दिल्या असतील, तर दुखणं योजनेतल्या लशीमुळे झालं हे वेगळं दाखवावं लागतं. कोणती लस कोणत्या दंडात दिली, ही नोंद इथे निर्णायक ठरते.

टप्पा २: शेवटची तारीख काढा

मुदत तीन वर्षांची आहे आणि ती पहिल्या लक्षणापासून मोजतात. निदान झाल्यापासून नाही, एमआरआय केल्यापासून नाही, ‘हे लशीमुळे असू शकतं’ हे कळल्यापासूनही नाही. ‘क्लोअर’ खटल्यात फेडरल सर्किट कोर्टाने २०११ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. १० ऑक्टोबर २०२३ ला फ्लू शॉट घेतला आणि त्याच रात्री दंड दुखायला लागला, तर शेवटची तारीख १० ऑक्टोबर २०२६. मृत्यू झाला असेल तर मृत्यूपासून दोन वर्षं आणि पहिल्या लक्षणापासून चार वर्षं, या दोन्ही मुदती पाळाव्या लागतात.

लहान मुलांसाठी वेगळी सवलत नाही. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत थांबता येत नाही, दावा आई-वडिलांनी किंवा पालकाने करायचा असतो.

‘व्हेअर्स’मध्ये नोंद केली म्हणजे दावा झाला असं मानणारे पुष्कळ आहेत. व्हेअर्स ही सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी नोंदवही आहे. तिथे नोंद जरूर करा, पण तिने भरपाईच्या मुदतीचं घड्याळ थांबत नाही. वकिलांशी चाललेल्या बोलण्यानेही थांबत नाही, आणि टपालात टाकलेला दावा कोर्टात पोचेपर्यंत दाखल झालेला नसतो.

> सावधान: मुदतीला चार महिन्यांहून कमी उरले असतील तर टप्पा ३ पूर्ण होण्याची वाट बघू नका. आधी वकील गाठा. मिळतील तेवढ्या कागदांवर दावा दाखल करून उरलेले नंतर जोडता येतात. मुदत उलटल्यावर काहीच जोडता येत नाही.

टप्पा ३: कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे लागतो आणि तडजोडीची रक्कमही बरीचशी इथेच ठरते. दोन्ही बाजू पुढे जे बोलतात ते या कागदांच्या आधारानेच.

यादी अशी:

- लस दिल्याची मूळ नोंद: तारीख, लशीचं नाव, लॉट नंबर, कोणता दंड, कुणी दिली
- लसीच्या आधीच्या किमान तीन वर्षांची प्रायमरी डॉक्टरांची पूर्ण फाइल
- लसीनंतरची सगळी फाइल: अर्जंट केअर, हाडांचे डॉक्टर, फिजिओथेरपी, एमआरआय-एक्स रे अहवाल, इंजेक्शन, शस्त्रक्रिया
- लहान मूल असेल तर गर्भारपण आणि जन्माच्या वेळचे कागदही
- स्वतः भरलेले पैसे: को-पे, डिडक्टिबल, औषधं, फिजिओची बिलं
- बुडालेल्या पगाराचा पुरावा: पे-स्टब, रजेच्या नोंदी, कंपनीचं पत्र

पेशंट पोर्टलवरून उतरवलेला सारांश पुरत नाही. त्यात डॉक्टरांची मूळ टिपणं, नर्सच्या नोंदी, फोनवरचे निरोप नसतात, आणि लसीनंतर तिसऱ्या दिवशी ‘हात वर जात नाही’ म्हणून तुम्ही केलेला फोन नेमका तिथेच नोंदलेला असतो. लेखी अर्ज करून ‘संपूर्ण चार्ट’ मागा. ‘हिपा’ या रुग्णांच्या माहितीबद्दलच्या कायद्यानुसार तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. फार्मसीच्या साखळी दुकानात काउंटरवर विचारून उपयोग नसतो, मुख्य कार्यालयातल्या रेकॉर्ड विभागाकडे अर्ज जातो. तिथून दोन गोष्टी मागा: तुमची सही असलेला संमती-फॉर्म आणि लस दिल्याची नोंद.

ती नोंद हातात आली की आधी दंड तपासा. ‘एलडी’ म्हणजे डावा डेल्टॉइड (दंडाचा वरचा स्नायू), ‘आरडी’ म्हणजे उजवा. घाईच्या मोसमात ही खूण सवयीने टाकली जाते, आणि दुखतो उजवा पण कागदावर डावा, असं अनेक फाइलींमध्ये सापडतं. एवढ्यावरून दावा सोडू नका. लसीनंतर कोणत्या डॉक्टरांना कोणता हात दाखवला, घरातल्या कुणी बँड-एड कुठे पाहिली, त्याच दिवसाचे काही फोटो आहेत का, याचा पुरावा गोळा करा. स्पेशल मास्टर तो एकत्र वाचतात.

ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत लस घेतली असेल तर आणखी एक अडचण येते. सिव्हिल सर्जन, म्हणजे या तपासणीसाठी इमिग्रेशन खात्याने नेमलेले डॉक्टर, इमिग्रेशनचा फॉर्म सीलबंद लिफाफ्यात देतात आणि तो उघडायचा नसतो. लसीची मूळ नोंद डॉक्टरांच्या दप्तरात असते. फॉर्मची प्रत आणि ती नोंद त्यांच्याकडून वेगळी मागून घ्या.

मधल्या काळात भारतात उपचार घेतले असतील तर ते कागदही लागतातच. ओपीडीचा केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, फिजिओच्या प्रत्येक सत्राची नोंद, पावत्या, सगळ्यावर तारीख आणि शिक्का घ्या. मराठीत लिहिलेलं काही असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. नावंही जुळवून बघा. माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव: फार्मसीत एक, पासपोर्टवर दुसरं, पुण्याच्या केसपेपरवर तिसरं असेल, तर ही सगळी एकच व्यक्ती आहे असं शपथपत्र आधीच तयार ठेवा.

> सावधान: जुन्या खांदेदुखीचा कागद लपवू नका. सरकारी डॉक्टर आधीच्या तीन वर्षांची फाइल वाचतातच. दहा वर्षांपूर्वीचं, पूर्ण बरं झालेलं दुखणं समजावून सांगता येतं. लपवलेलं दुखणं सापडलं की तुमच्या बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास जातो.

टप्पा ४: ‘टेबल’मध्ये की बाहेर

आरोग्य खात्याने एक तक्ता ठरवलेला आहे: अमुक लस, अमुक इजा, अमुक वेळेत सुरू झाली, तर ती लशीमुळेच झाली असं गृहीत धरतात. सरकारला दुसरं कारण सिद्ध करता आलं नाही तर भरपाई मिळते. सध्याच्या तक्त्यातल्या नेहमी लागणाऱ्या नोंदी:

- ‘सिर्वा’ म्हणजे लस टोचल्यामुळे झालेली खांद्याची इजा: ४८ तासांच्या आत
- फ्लू लशीनंतर जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार: ३ ते ४२ दिवस
- ॲनाफिलॅक्सिस: ४ तासांच्या आत
- भोवळ येऊन पडणं: १ तासाच्या आत
- रोटाव्हायरसनंतर आतड्यात आतडं शिरणं: १ ते २१ दिवस

सिर्वा आणि फ्लूनंतरचा जीबीएस २१ मार्च २०१७ पासून तक्त्यात आहेत. तक्ता बदलत असतो, त्यामुळे दाखल करायच्या आठवड्यात आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावरचा ताजा तक्ता वाचा.

सिर्वासाठी चार गोष्टी लागतात: आधी त्या खांद्याला त्रास नव्हता, दुखणं ४८ तासांत सुरू झालं, वेदना आणि हालचालीची मर्यादा त्याच खांद्यापुरती आहे, आणि मानेच्या नसेसारखं दुसरं कारण नाही. मान, पाठ, बोटांपर्यंतच्या मुंग्या असं सगळं एका दमात डॉक्टरांना सांगितलं की तिसरी अट डळमळते. जे नाही ते सांगू नका, पण जे आहे ते वेगवेगळं आणि नेमकं सांगा.

४८ तासांची अट सर्वाधिक वेळा मोडते ती डॉक्टरांच्या पहिल्या टिपणात. माणूस दहा आठवडे ‘आपोआप जाईल’ म्हणून थांबतो, मग जातो आणि ‘हल्ली खांदा दुखतोय’ म्हणतो. डॉक्टर लिहितात: तीन आठवड्यांपासून खांदेदुखी. झालं, कागदावर दुखणं लसीनंतर सात आठवड्यांनी सुरू झालं. म्हणून पहिल्याच भेटीत लशीची तारीख, दंड आणि दुखणं सुरू झालेला दिवस हे तिन्ही सांगा, आणि टिपणात काय लिहिलं ते पोर्टलवर त्याच आठवड्यात वाचा. चूक असेल तर लेखी दुरुस्ती मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. वर्षभराने मागितलेली दुरुस्ती दाव्यासाठी केल्यासारखी दिसते.

जीबीएस हा शब्द २०२५ च्या पुण्यातल्या साथीपासून मराठी घरांना ओळखीचा आहे. या दाव्यात आधीच्या महिन्यात जुलाब, ताप, सर्दी होती का हे बारकाईने बघतात, कारण संसर्गही जीबीएसचं कारण असू शकतो.

तक्त्यात न बसणारा दावाही करता येतो, पण तिथे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर असतो. २००५ च्या ‘ॲल्थेन’ निकालातल्या तीन कसोट्या लागतात: लशीने अशी इजा होऊ शकते हे सांगणारा वैद्यकीय सिद्धांत, तुमच्या बाबतीत तसंच घडलं हे दाखवणारी कारणांची साखळी, आणि दोन्हींमधलं वैद्यकीयदृष्ट्या पटणारं कालांतर. यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचा अहवाल लागतोच. नुसतं ‘लस घेतली आणि मग झालं’ पुरत नाही.

टप्पा ५: वकील

इथली फीची पद्धत इतर अपघाती दाव्यांसारखी नाही. वकिलाची वाजवी फी आणि खर्च योजनाच देते, तुमच्या भरपाईतून कापून नाही. दावा हरला तरी फी मिळू शकते, मात्र तो प्रामाणिक हेतूने आणि वाजवी आधारावर केलेला असायला हवा. त्यामुळे ‘मिळालेल्या रकमेचा तिसरा हिस्सा’ असा करार कुणी पुढे केला तर सही करू नका, कायद्याने ते घेताच येत नाही. वकील तुमच्याच राज्यातला असण्याची गरज नाही, पण त्या कोर्टाच्या बारचा सदस्य असायला हवा. कोर्टाच्या संकेतस्थळावर अशा वकिलांची यादी आहे. वकिलाने केस नाकारली तर कारण विचारा. बहुतेक वेळा ते टप्पा १, २ किंवा ४ मध्येच असतं.

टप्पा ६: दावा दाखल करणं

दाव्याच्या अर्जात लस, तारीख, जागा, इजा, सुरुवात, आजवरचा त्रास आणि याआधी इतर कुठे भरपाई घेतलेली नाही हे लिहायचं. सोबत शपथपत्र आणि टप्पा ३ चे कागद. कोर्टाची फी ४०५ डॉलर, ऐपत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो. एक प्रत आरोग्य खात्याला जाते.

शपथपत्र स्वतःच्या शब्दांत लिहा. ‘तीव्र वेदना झाल्या’ यातून काहीच कळत नाही. ‘लसीच्या दुसऱ्या दिवशी शर्टाची बाही उजव्या हातात घालता येईना, वरच्या फळीवरचा डबा डाव्या हाताने काढावा लागला’ यातून तारीख, हात आणि हालचालीची मर्यादा तिन्ही कळतात. नवरा-बायको, सहकारी, शेजारी यांचीही छोटी शपथपत्रं घ्या, पण सगळ्यांनी एकच मजकूर उतरवलेला नको.

टप्पा ७: सरकारची बाजू

दाखल झाल्यावर कागद पूर्ण आहेत का ते बघतात, मग आरोग्य खात्याचे डॉक्टर फाइल वाचतात आणि सरकार ‘नियम ४ चा अहवाल’ देतं, म्हणजे दाव्यावरची आपली भूमिका लेखी मांडतं. सिर्वा आणि फ्लूनंतरचा जीबीएस अशा दाव्यांसाठी कोर्टात वेगळं जलद पथक आहे, तरी घाई धरू नका. सगळं मिळून दोन-तीन वर्षं सहज जातात. अहवालात तीनपैकी एक येतं: सरकार मान्य करतं, विरोध करतं, किंवा विरोध कायम ठेवून तडजोडीची तयारी दाखवतं. विरोधाचं प्रत्येक कारण कोणत्या तारखेच्या कोणत्या कागदावर उभं आहे ते शोधा, आणि उत्तर त्याच कागदाला द्या.

टप्पा ८: रक्कम ठरवणं

या योजनेतून दिलेल्या भरपाईपैकी सुमारे ६० टक्के वाटाघाटीतल्या तडजोडीतून जाते. अशा तडजोडीत लशीमुळेच इजा झाली असा निष्कर्ष कुणीच काढलेला नसतो. दोन्ही बाजूंनी हरण्याचा धोका तोलून आकडा ठरवलेला असतो. म्हणून तो मान्य झालेल्या दाव्यापेक्षा सहसा कमी असतो.

मागणीत चार कप्पे करा: भरलेले वैद्यकीय पैसे, पुढे लागणारे पैसे, बुडालेला पगार, आणि वेदना-यातना. चौथ्या कप्प्याची कमाल मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. मृत्यूची भरपाईही २,५०,००० डॉलर. इन्शुरन्सने भरलेलं बिल तुमचं नुकसान नाही, ते जोडलं की अख्खी मागणी फुगवलेली वाटते. मेडिकेडने (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने) खर्च केला असेल तर राज्याकडून त्याच्या थकबाकीचं पत्र आत्ताच मागवा, ते यायला आठवडे लागतात आणि त्याशिवाय तडजोड अडते.

वेदनांची रक्कम तीन गोष्टींवर ठरते: इजेची जाणीव, तीव्रता, कालावधी. प्रत्यक्षात बघितलं जातं ते हे: किती महिने उपचार, फिजिओची किती सत्रं, किती स्टेरॉइड इंजेक्शनं, शस्त्रक्रिया झाली का, हात किती अंशांपर्यंत वर जात होता, आणि उपचारात खंड कुठे पडला. तीन महिने भारतात गेलात आणि त्या काळातला एकही कागद नाही, तर ‘त्या काळात बरं वाटत होतं’ असंच वाचलं जातं. म्हणून तिथेही फिजिओ चालू ठेवा, नाहीतर निदान घरी कोणता व्यायाम केला याची तारखेनिशी नोंद ठेवा.

कोर्टाच्या संकेतस्थळावरचे जुने निकाल वाचा, पण आकडा आधी बघू नका. आधी उपचारांचा काळ आणि शस्त्रक्रिया जुळते का बघा, मग आकडा. ओळखीतल्या कुणाला अमुक मिळाले यावरून मागणी करू नका.

टप्पा ९: तडजोडीचा मसुदा

सरकारने इजेचं कारण मान्य केलं असेल तर रकमेचा प्रस्ताव ‘प्रॉफर’ म्हणून येतो. न मानता तडजोड असेल तर ‘स्टिप्युलेशन’. स्टिप्युलेशनमध्ये लशीने इजा झाल्याचं सरकार नाकारतं असं वाक्य असतंच. त्यावर भांडून काही मिळत नाही. तपासायचं ते हे:

- नाव बँकेत आणि ओळखपत्रावर आहे तसंच
- लशीची तारीख आणि इजेचं वर्णन दाव्यातल्यासारखंच
- मेडिकेडची रक्कम वेगळी दाखवली आहे का
- मुलासाठी भरपाई असेल तर राज्याच्या कोर्टाकडून संपत्तीचा पालक नेमून घेण्याची अट आणि वर्षासन असेल तर त्याचं वेळापत्रक
- दावा सोडून देण्याचा मजकूर नेमका कोणत्या लशीपुरता आहे

अपंगत्वासाठी सरकारी मदत घेत असाल तर सही करण्याआधीच ट्रस्टच्या वकिलाशी बोला, एकरकमी पैसे आले की ती मदत बंद होऊ शकते.

टप्पा १०: निकालानंतर

स्पेशल मास्टरांचा निर्णय जाहीर संकेतस्थळावर जातो. नाव किंवा वैद्यकीय तपशील झाकायचे असतील तर १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. मुलाचं नाव आद्याक्षरांनी लिहून घ्यायचं असेल तर ते दाव्याच्या सुरुवातीलाच मागा. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत फेरतपासणीचा अर्ज होतो. दोन्ही बाजूंनी तो हक्क सोडल्याचं लेखी दिलं तर न्यायनिवाडा लगेच नोंदवला जातो. तडजोडीत असंच करतात.

न्यायनिवाड्यानंतर ९० दिवसांत भरपाई स्वीकारतो की नाकारतो हे लेखी कळवायचं. स्वीकारली की त्याच इजेसाठी कंपनीवर किंवा लस देणाऱ्यावर खटला भरता येत नाही. पैसे त्यानंतर येतात. वकिलाने फीचा अर्ज न्यायनिवाड्यापासून १८० दिवसांत करायचा असतो. तुमच्या खिशातून गेलेला दाव्याचा खर्च, म्हणजे कोर्टाची फी, रेकॉर्डचे पैसे, भाषांतराचं बिल, याच अर्जात घालायचा असतो. त्या पावत्या निर्णयाच्या आठवड्यातच वकिलाकडे द्या.